हरणाबाईची तिथी

सयाजी शेवाळे तसा भिणारा गडी नव्हे. उभी जवानी फौजेत गेली, बर्फात पहारे दिले, सुभेदार होऊन घरी आला. पण खोलेवाडीच्या ओढ्याकाठी जी चिंच आहे ना, तिच्याखालून दिवेलागणीनंतर त्यानं जन्मात कधी मोटरसायकल घातली नाही. लांबून वळसा घालून यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिकडनं खड्डे लय हायत." खड्डे दोन्ही रस्त्यांना सारखेच. पण सुभेदाराला तोंडावर सांगायचं कुणी?

चिंचेखाली हरणाबाई होती.

हरणाबाई म्हणजे सयाजीच्या आजोबांची सख्खी आई. आजोबांचं नाव ज्योतिबा. ते चार-पाच वर्षांचे असतील तेव्हा हरणाबाईला महारोग झाला, ती मेली, आणि पणजोबा बहिर्जीनं दुसरी बायको केली, अशी घरात सांगायची रीत होती. दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घातला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली इवलीशी बाई. मेलेल्या सवतीनं नवीला छळू नये, म्हणून नवीनं तिला गळ्यात वागवायचं, जेवताना तिच्या नावानं पहिला घास बाजूला काढायचा. हे आपल्याकडं पुष्कळ घरांतून चालत होतं. पण दुसरी बायको मेली की टाक देव्हाऱ्यात जातो. शेवाळ्यांच्यात तो गेला नाही. तो थोरल्या सुनेच्या गळ्यात गेला, तिथून तिच्या सुनेच्या. कारण हरणाबाई शांतच होईना. एके काळी तर वर्षातून एकदा, यात्रेच्या सुमाराला, ती चिंचेखाली उभी दिसायची. हातांना पांढरी आग लागलेली, आणि डोळे शेवाळ्यांच्या घराकडं. पाहणारे एक-दोघं नव्हते, निम्म्या गावानं पाहिलेली.

आणि ज्योतिबा आजोबांनी तर तिला दगड घातलेला! ही गोष्ट ते नातवंडांना मिशीवर ताव देऊन सांगायचे. "शेरडं राखत व्हतो. बघतो तर चिंचंखाली उभी! माज्याकडं बघून हात हलवती. म्या धोंडा उचलला आनि दिला ठेवून. असा कपाळावर बसला म्हनता! पळाली. त्याच्यामागं कवा दिसली न्हाई." लहानग्या सयाजीनं एकदा विचारलं होतं, "पर आजा, ती तुमची आई व्हती न्हवं?" आजोबा म्हणाले, "आई मेली रं. ते भूत." आणि उठून गोठ्याकडं गेले.

दिसायची थांबली, पण गेली नाही, असं बायकांचं मत. सयाजीची बायको मंगल हिला तर त्याचा पुरावाच मिळाला होता. लग्नानंतर झालेली पहिली मुलगी, सोनी. गोरीगोमटी, सारखी हसणारी. टाकाचा दोरा कुजला म्हणून मंगलनं तो उतरवून खुंटीला टांगला, आणि त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला. सयाजी तेव्हा सीमेवर. सासूनं चिंचेखाली उतारे टाकले, एकावर एक, नारळ, लिंबं, काळी कोंबडी. मिरजेला दवाखान्यांची काय कमी होती? पण उतारा लागू पडायची वाट बघण्यात दिवस गेले, आणि मिरजेच्या वाटेवरच पोर गेली. सासू म्हणाली, "टाक का काढलास गं भवाने?" मंगलनं ते वाक्य गिळलं ते गिळलंच. त्यानंतर आंघोळीलासुद्धा तिनं तो टाक कधी गळ्याबाहेर काढला नाही.

आता बघा, घरात सून आली शिवांजली. शिकलेली, तासगावात औषधाचं दुकान सांभाळणारी, तोंडानं फटकळ. नवरा शिवतेज बापासारखाच फौजेत, तिकडं लांब. तिचा एकदा गर्भ गेला, दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागला तसा मंगलनं गळ्यातला टाक काढायची तयारी केली. स्वतःसाठी नाही, सुनेला घालायला.

"सवतीचा टाक?" शिवांजली म्हणाली. "आई, माझी कुठली सवत? तुमच्या लेकानं तिकडं केली असली तर तसं सांगा."

"चेष्टा करू नगंस! दोन गेली तुजी. मी म्हनत हुते का न्हाई, घाल म्हनून?"

"दोन का गेली ते मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय. पिशवीच्या तोंडाला टाके घालून झालेत, गोळ्या चालू आहेत. मी मेलेल्या बाईला भिऊन गळ्यात बांधणार नाही."

मंगलनं जेवण सोडलं. बाई हट्टाला पेटली की काय विचारता! देवरुष्याकडं जाऊन आली. तो म्हणाला, "बाईची तिथी घालता का?" तिथी कुणाला माहीत होती? म्हणून शेवाळे तिला सर्वपित्री अमावास्येला घालायचे, आणि तेही घरात नाही, चिंचेखाली पत्रावळ ठेवून मागं न बघता यायचं. देवरुषी म्हणाला, "मेली त्या तिथीला जेवाय घाला. तवर ती उपाशी." झालं! मंगलनं एकच धोशा लावला. आणि एका संध्याकाळी शिवांजलीनं सासऱ्यापुढं येऊन शांतपणे सांगितलं, "बाबा, पुन्हा तो टाक माझ्यापुढं आला तर मी माहेरी जाईन. बाळ झाल्यावरसुद्धा परत येणार नाही. या घरात मला श्वास घेता येत नाही."

ती तशी रिकामं बोलणारी पोरगी नव्हती. सयाजीनं हिशेब केला. नातवंड पण जाणार आणि सून पण जाणार. म्हणून सुभेदार तिथी शोधायला निघाला. पितृपंधरवडा तोंडावर आला होता.

हल्ली जातीच्या दाखल्यासाठी जो तो जुन्या नोंदी शोधत फिरतोय, त्यामुळं कुठं जायचं ते सयाजीला ठाऊक होतं. पणजोबांच्या काळात सांगली जिल्हा कुठला? खोलेवाडीचा तासगाव तालुका तेव्हा साताऱ्यातच. तो साताऱ्याला गेला. सुमंत नावाचे एक निवृत्त मास्तर मोडी वाचून द्यायचे. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या बुकांचे फोटो त्यांच्याकडं होते. दोघं खोलेवाडीच्या पानांवर मान मोडून बसले. पटकी, देवी, प्लेग. मेलेली माणसं एकाखाली एक. सयाजीला आपल्या भावकीतली कितीतरी नावं भेटली, पाळण्यातच गेलेली पोरं भेटली, ज्यांची नावंही घरात कुणी घेत नव्हतं. दुसरीच्या लग्नाच्या आधीची सगळी वर्षं चाळून झाली. हरणाबाई नाही.

"राहून गेली असेल नोंद," सुमंत मास्तर म्हणाले.

"राहील कशी? बहिर्जी गावचा पाटील व्हता. नोंद तोच करायचा."

मास्तरांनी पानं पुन्हा पहिल्यापासून लावली. सयाजीच्या अंगावर काटा आला, भर दुपारी.

आणखी एक गंमत म्हणजे ज्योतिबांचा जन्मही त्या बुकात नव्हता. घरी येऊन सयाजी जेवताना हे सांगत होता. मंगल भिंतीकडं तोंड करून बसलेली. शिवांजली वाढता वाढता म्हणाली, "बाबा, पहिलं बाळंतपण सासरी कुठं होतं? आजोळच्या गावात बघा की."

सयाजीनं कपाळावर हात मारून घेतला. पण आजोळ कुठलं? घरात हरणाबाईच्या माहेरचं नाव कुणी उच्चारत नसे. ते बोललं तर ती आठवण काढून येते म्हणे. तेव्हा मंगल भिंतीकडं बघतच पुटपुटली, "सासूबाई म्हनायच्या, औंधाकडची व्हती. यमाईच्या मुलखातली." भांडणातसुद्धा बाईनं एवढं दिलं, ही मोठी गोष्ट.

औंधाच्या आसपासची खटाव तालुक्यातली गावं चाळायला पुन्हा सातारा. आणि सापडलं. कण्हेरखेडी नावाच्या वाडीत, आजोबांच्या वयाला जुळणाऱ्या वर्षी, मुलगा, बापाचं नाव बहिर्जी शेवाळे, राहणार खोलेवाडी. सुमंत मास्तर वाचत होते आणि सयाजी आपला एकेक अक्षरावर बोट ठेवत होता. मोडी त्याला कळत नव्हती, तरी बोट ठेवत होता.

कण्हेरखेडीत गेला तो दिवस ढगाळ होता. शेवाळे म्हटल्यावर पारावरच्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "खोलेवाडीचे? आमच्या वाडीत तुमच्या गावचं पानी पीत न्हाईत, पावनं." पण बोलता बोलता त्यानं एका दगडी घराकडं बोट केलं.

त्या घरात रंगूबाई होत्या. नव्वदीच्या, दात गेलेले, कान शाबूत. हरणाबाईच्या भावाच्या नातवाची बायको. सयाजीनं हात जोडले, कोण-कुठला ते सांगितलं आणि म्हणाला, "मामी, आमची पणजी हरणाबाई. तरनीताठीच गेली. तिची तिथी तुमच्याकडं कुनाला ठावं हाय का, म्हनून आलतो."

रंगूबाईंनी त्याला जवळ ओढून नीट निरखलं. मग म्हणाल्या, "तरनीताठी? आरं, आत्ती माज्या मांडीवर गेली की."

सयाजीला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. हिशेब कसा बसणार? ही बाई स्वातंत्र्यानंतर लग्न होऊन आलेली.

"घरातली समदी तिला आत्ती म्हनायची, म्हनून मी बी. मी नवी नवरी हुते. आत्तीचं क्यास पांढरं फटक. माजी पयली दोन बाळतपनं तिच्याच हातावर झाली. नुसती माजी न्हाई. ह्या वाडीतली निम्मी मानसं तिनं जगात आनली. सुईन व्हती ती. आडलेली बाई मोकळी कराय तिला घोड्यावर बसवून न्ह्यायची लोकं."

"पर तिला तर महारोग..."

"कशाचा महारोग!" म्हातारी कडाडली. "कोड व्हतं! हातावर पांढरं कोड. तुज्या पनज्यानं तिला मिरजंच्या दवाखान्यात न्हेऊन टाकली. डाक्टरनं बघितलं, म्हनला, बाई, रोग न्हाई, ह्यो नुसता रंग हाय, घरी जा. ती आपली आनंदानं चालत घरी गेली. तर दारात दुसरी उभी. गळ्यात हिचाच टाक. हिचा दहावा-बारावा करून मोकळी झाल्याली मानसं!"

सयाजी उठून उभा राहिला, पुन्हा बसला.

"मग... घरात का न्हाई घेतली?"

"घेत्यात कशी? जितीला घरात घेतलं तर क्रियाकर्म खोटं पडतंय. सासरा म्हनला, मेलेलं मानूस माघारी येत न्हाई. दार लावलं. गावात सांगितलं, हरणाबाईचं भूत दारात आलतं म्हनून. पाटलाचं घर, कोन खोटं म्हननार? हिकडं आमच्या मानसांनी शपथ घेतली, त्या गावचं पानी प्यायचं न्हाई."

मग रंगूबाईंनी ते सांगितलं, जे ऐकायला सयाजीला धीरही धरवत नव्हता आणि ऐकवतही नव्हतं. हरणाबाई दर वर्षी यात्रेच्या दिवसांत चालत खोलेवाडीला जायची. गावात शिरायची नाही. चिंचेखाली उभी राहायची, पोर लांबून दिसलं तर बघायची, आणि परत फिरायची. बरीच वर्षं हे चाललं. एक साल ती कपाळ फोडून घेऊन आली.

"हितं," म्हातारीनं कुंकवाच्या वर बोट ठेवलं. "मोठा व्रन व्हता. मी इचारलं, आत्ती, हे कशाचं? तर हासली. म्हनली, माज्या ज्योत्यानं मारला धोंडा. येवढा लांबनं मारला, पर बराबर बसला बघ. लेकाचा नेम लय चांगला हाय."

सयाजीच्या डोळ्यांपुढं आजोबा उभे राहिले, मिशीवर ताव देणारे. त्याला गलबलून आलं. सत्तरीला टेकलेला माणूस, परक्याच्या ओसरीवर बसून धाय मोकलून रडला. रंगूबाईंनी त्याला रडू दिलं.

"परत का न्हाई गेली वं ती?"

"म्हनायची, पोर भितंय मला. कशाला भ्या घालायचं लेकराला? नवरा कवा मेला ते बी तिला कुनी कळवलं न्हाई. मरेस्तोवर कुंकू लावलं तिनं. रंगपंचमीच्या आदल्या दिशी गेली. चवथ. तुला तिथी पायजे न्हवं? घे."

येताना सयाजीनं वळसा घातला नाही. अंधारून आलं होतं. चिंचेखाली त्यानं गाडी थांबवली आणि उतरला. भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोला.  ती येईल म्हणून नव्हे. ती इथं खरोखर उभी होती, जिवंत, तहानलेली, आणि गावातलं एक माणूस तिला तांब्याभर पाणी द्यायला आलं नाही, म्हणून. भूत असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी मंगल आणि शिवांजली दोघी होत्या, नेहमीप्रमाणं दोन खोल्यांत दोन. सयाजीनं दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. शिवांजली तोंडावर पदर धरून ऐकत होती. कोडाचं आलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, सुईणीचं आलं तेव्हा ती हुंदकेच द्यायला लागली. मंगलचा चेहरा मात्र हलेना.

सांगून झालं. शिवांजलीनं सासूपुढं हात पसरला.

"आई, द्या तो टाक. मी घालते. आता भिऊन नाही."

सयाजीचा जीव भांड्यात पडला. पण मंगलनं टाक मुठीत घट्ट आवळला आणि मागं सरकली.

"न्हाई. तू न्हाई घालायचा."

"अहो आई, तुम्हीच तर म्हणत होता ना इतके दिवस!"

"तवा मला ठावं न्हवतं तिचं काय केलं ते! जितीचं दिवस घातलं. लेकाकडनं धोंडं मारून घेतलं. आता तर तिला रागवायचा हक्कच हाय. तू पोटुशी. हात लावू नगंस ह्येला." बोलता बोलता मंगलनं मूठ पदराखाली घेतली. "आवं, आजवर मला उगंच भ्या वाटायचं. आता खरं वाटाय लागलंय."

सयाजी जवळ सरकला. "मंगल, ऐक. ती रागावलेलीच न्हवती. रंगूमामीला म्या तीन-तीनदा इचारलं. तिनं शिवी दिली न्हाई, तळतळाट दिला न्हाई. लेकाचा नेम चांगला म्हनून कौतिक केलं तिनं. दुसऱ्यांची पोरं जगवत बसली. तिनं कुनाचं काय वाईट केलं न्हाई गं. कवाच न्हाई."

मंगल ऐकत राहिली. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, खरं सांगतोय की समजूत घालतोय ते ताडत असल्यागत. मग तिची मूठ सैल पडली. टाक मांडीवर आला. त्याच्यावरच्या बाईचे नाक-डोळे इतक्या वर्षांत तिच्याच अंगावर घासून पुसट झाले होते.

"तिनं न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग माजी सोनी कुनी न्हेली वं?"

उत्तर चिंचेखालच्या उताऱ्यांत होतं. ते सयाजीला ठाऊक होतं. मंगललाही ठाऊक होतं, त्या मिरजेच्या रस्त्यावर मांडीवरचं पोर गार पडलं तेव्हापासून. शिवांजली जड अंगानं उठली आणि सासूला चिकटून बसली.